अपडेट येईपर्यंत

४ सप्टेंबर, बुधवार

श्यामला म्हणाली, "हे सगळं रोज मला सांगण्यापेक्षा लिहून काढा." म्हणून लिहितो आहे. वही चांगली आहे. निवृत्तीच्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधल्या मंडळींनी दिली होती, चामड्याच्या बांधणीची. चार वर्षं कोरी ठेवली आणि आता तिचं पहिलं पान एका मोबाइल कंपनीवर खर्च होतंय, हे त्या वहीचं नशीब.

तक्रार साधी आहे. माझा फोन सेव्हर्नटेल या कंपनीकडून करारावर घेतलेला आहे. उन्हाळ्यात त्याला एक अपडेट आलं आणि तेव्हापासून फोनवर माणसांचं बोलणं कळेनासं झालं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. तोंडात घास ठेवून बोलावं तसं सगळे बोलतात. फोन बनवणाऱ्यांनी आपल्या वेबसाइटवर कबूलही केलं, की काही ग्राहकांना कॉलचा आवाज अस्पष्ट येतो आणि पुढच्या अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त केली आहे. ते अपडेट ऑगस्टमध्ये निघालंसुद्धा. मग ते माझ्या फोनवर का नाही? तर मधे सेव्हर्नटेल बसलं आहे. आधी ते 'तपासणार', मग देणार. दुसऱ्याने स्वयंपाक केलेला, आपल्याला फक्त ताट पुढे सरकवायचं आहे, तर हे शहाणे ताटावर हात ठेवून बसले आहेत.

श्यामलाचा धाकटा भाऊ संजय पुण्यात असतो. त्याच्याकडे हेच मॉडेल आहे. त्याने ते दुकानातून रोख घेतलं, कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधलेलं नाही. त्याला अपडेट ऑगस्टमध्येच मिळालं. हे त्याने मला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नाही, तो मला विचारतो, "काय दाजी, विलायतेत अजून आलं नाही का?"


८ सप्टेंबर, रविवार

रविवारी संध्याकाळी वरदाचं मराठी असतं. वरदा म्हणजे चैत्रालीची मुलगी, माझी नात, वय दहा, मुक्काम ग्लासगो. ती पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी मी तिला फोनवरून मराठी शिकवतो. चैत्राली आमच्या डोळ्यांदेखत कार्डिफमध्ये वाढली आणि तिचं मराठी लंगडंच राहिलं. सायकलला ती 'तो' म्हणते. तेव्हा मला ड्यूट्या होत्या, वेळ नव्हता. वरदाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. माझं आणि तिचं असं हे एकच काम आहे आणि ते मला फार प्रिय आहे.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला ग्लासगोच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. वरदा त्यात मराठीत भाषण करणार आहे, 'माझी सायकल' या विषयावर. सायकल निळी आहे. तो ळ तिच्या तोंडात बसवायला मला एक हिवाळा लागला होता.

आज तिने भाषणाचा पहिला भाग म्हणून दाखवला. मला ओ की ठो कळलं नाही. चार वेळा म्हणायला लावलं. शब्द खाऊ नकोस म्हटलं, तोंड उघडून बोल म्हटलं. शेवटी ती गप्पच झाली. श्यामलाने टॅबलेटवर लावून पाहू म्हटलं, तर त्यावरही तेच. टॅबलेट पाच वर्षांचा आहे, त्याचा स्पीकर कामातून गेला असणार.

रात्री संजयचा फोन आला. त्याचा मात्र शब्दन् शब्द खणखणीत. पुरावा हवा होता ना, हा घ्या. त्याच्या फोनला अपडेट मिळालं आहे, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ येतो.


११ सप्टेंबर, बुधवार

सेव्हर्नटेलच्या मदतकेंद्राला फोन केला. आधी संगीत ऐकवलं. माणूस मरणपंथाला लागेल पण संगीत थांबणार नाही असा त्यांचा बेत असतो. मग एक मुलगी आली. ती काय बोलली ते तिला आणि तिच्या देवाला ठाऊक. फोन विकणाऱ्या कंपनीने फोनवर बोलायला अशी पुटपुटी मुलगी ठेवावी, याला काय म्हणावं? मी वरिष्ठांना द्या म्हटलं. मग ओवेन नावाचा एक गृहस्थ आला. जाड, घोगरा आवाज, वेल्श हेल, पण प्रत्येक शब्द स्पष्ट. असा एखादा तरी तयारीचा माणूस ठेवतात म्हणायचं.

ओवेनचं म्हणणं असं, की अपडेट आमच्या नेटवर्कवर तपासलं जात आहे, लवकरच येईल. लवकरच म्हणजे कधी? तर तारीख सांगता येत नाही. मी त्याला सांगितलं की मी भूलतज्ज्ञ होतो. टेबलावरच्या पेशंटला उद्देशून 'लवकरच श्वास घेतील, तारीख सांगता येत नाही' असं मी म्हटलं असतं, तर मला हाकलून दिलं असतं. त्यावर तो म्हणाला, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.


१६ सप्टेंबर, सोमवार

बागेत बसलो होतो. यंदा पक्षी जवळजवळ नाहीतच. गेल्या वर्षापर्यंत कुंपणावर रॉबिन गळा काढायचा. शेजाऱ्याने झुडपाची कुंपणं तोडून फळ्या ठोकल्या, आता पक्षी कुठून येणार? श्यामलाला म्हटलं, तर ती म्हणाली की आहे की, आत्ता समोर बसलाय. बसला होता खरा. पण नुसताच चोच उघडझाप करत होता. त्यालाही फळ्यांचा धक्का बसला असावा.

तिचं आणखी एक नवीन आहे. जिन्याच्या वरचा धुराचा अलार्म बॅटरी संपत आल्यामुळे मधून मधून चिवचिवतो म्हणे. मी जाऊन त्याच्याखाली चांगला उभा राहिलो. काही नाही, शांत. तिला सांगितलं, हे कानात वाजणं असतं, या वयात होतं, कान तपासून घे. ती म्हणाली, "बरं, घेते." एवढ्या सहज ती माझं ऐकत नाही.


२२ सप्टेंबर, रविवार

वरदा फोनवर आली नाही. गृहपाठ आहे म्हणे.


२८ सप्टेंबर, शनिवार

क्वीन स्ट्रीटवरच्या सेव्हर्नटेलच्या दुकानात गेलो. आत चकचकीत काचा, पांढरी टेबलं आणि गळ्यात पट्टे घातलेली पोरं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू, कंपनीने वाटलेलं. मी प्रश्न विचारला की ते आधी हसतात आणि मग नवीन फोन दाखवतात. माझा फोन दुरुस्त करा म्हटलं, तर म्हणे यात मोठा पडदा आहे. मला पडदा नको आहे, मला माझी नात काय बोलते ते कळायला हवं आहे, असं मी जरा मोठ्याने म्हणालो. श्यामलाने माझा दंड धरला.

व्यवस्थापक बाई आल्या. गर्दीत त्या काय बोलल्या कळलं नाही. सगळीकडे गाणी लावलेली, तिथे कोणाला काय कळणार? श्यामलाने घरी आल्यावर सांगितलं की बाई म्हणाल्या, हवं असेल तर आम्ही दंड न घेता करार मोडून देतो. हे मला तिथे का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं. पण आता मला करार मोडायचाच नाही. यांच्याकडूनच अपडेट घेणार. तत्त्वाचा प्रश्न आहे.

ती परवा चष्म्याच्या दुकानात कान तपासूनही आली. तिथे हल्ली हेही करतात. निकाल उत्तम, वयाच्या मानाने छान कान आहेत असं तिला सांगितलं. आणि अलार्म ऐकू येतोच म्हणते. म्हणजे ती तपासणी किती भंपक ते कळलं. चष्मेवाल्यांनी कान तपासले की असंच व्हायचं.


६ ऑक्टोबर, रविवार

आज वरदाऐवजी चैत्राली बोलली, आणि बोलली ते ऐकून माझं डोकं फिरलं. व्हिडिओ कॉलवर होती. आधी इकडचं तिकडचं, मग कॅमेऱ्याकडे तोंड करून सावकाश:

"बाबा, तुमचा हिअरिंग एकदा चेक करून घ्या ना. जस्ट रुटीन. मम्मीने पण केला."

मी तिला शांतपणे विचारलं, की तुझा बाप काय करत होता ते तुला माहीत आहे का? भूल दिलेल्या माणसाच्या रक्तातला प्राणवायू जसा उतरतो, तसा थिएटरातल्या यंत्राच्या टिकटिकीचा सूर उतरतो. मी पाठ फिरवून औषध भरत असायचो आणि सूर अर्धी पायरी खाली आला की वळायचो. पडद्याकडे बघणारे नंतर वळायचे. या कानांनी माणसं जगवली आहेत. ते कान मी चष्मेवाल्याकडे नेऊ?

तरी शास्त्र म्हणून मी तपासणी केलीच. मिरजेला शिकताना घेतलेला ध्वनिकाटा कपाटात आहे. पोलादाचा दुपाखी काटा, गुडघ्यावर आपटला की घुमतो. दोन्ही कानांशी धरला, कानामागच्या हाडाला टेकवला, सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकला. श्यामलालाही ऐकवला. तिला ऐकू येईनासा झाला तेव्हा मलाही झाला. निकाल चैत्रालीला लेखी पाठवला: दोन्ही कान निर्दोष, दोष सेव्हर्नटेलचा.

तिचं उत्तर आलं, की तो काटा खालच्या सुराचा असतो, बाबा. मुलांची डॉक्टर झाली म्हणून बापाला सूर शिकवते.


९ ऑक्टोबर, बुधवार

आजही नाही. 'तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे' असं फोन म्हणतो. खोटं बोलायलाही यांनी यंत्र ठेवलं आहे.


१४ ऑक्टोबर, सोमवार

श्यामलाचं काहीतरी चाललं आहे. बोलायचं असलं की ती अलीकडे समोर येऊन उभी राहते, कधी दंडाला हात लावते, मग बोलते. पूर्वी स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि मी ओ दिली नाही म्हणून भांडायची. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं होत आली, आता लाड सुचताहेत. मला वाईट वाटत नाही, पण चहा हवा का विचारायला एवढं जवळ यायची गरज नाही.

शिवाय तिचा घसा बसल्यासारखा वाटतो. जाड, संथ आवाजात बोलते, एकेक शब्द सुटा करून. कालपेक्षा आज जास्तच. हळदीचं दूध घे म्हटलं. "कळलं का तुम्हाला, मी काय म्हणाले?" असं तिने दोनदा विचारलं. न कळायला काय झालं? फोनमधून बोलत नव्हतीस ना.

वरदाशी मात्र ती स्वयंपाकघराचं दार लावून तास तास बोलते. तिच्या फोनवर. दोघींचं काय शिजतंय कोण जाणे. मला सांगत नाहीत.


२० ऑक्टोबर, रविवार

चैत्रालीला मी सरळ विचारलं की गेले महिनाभर वरदाला माझ्याशी बोलायला वेळ का नाही? गृहपाठ मलाही होता, मीही शाळेत गेलो होतो.

ती म्हणाली, आणि हे मात्र मला लख्ख कळलं, कारण तिने कॅमेऱ्याजवळ तोंड आणून सांगितलं:

"बाबा, तिला भाषण करायचा नाही आहे आता. ती म्हणते, मी चांगली मराठी नाही बोलते, म्हणून आजोबा ओरडतो. ती डान्स करेल."

मी ओरडतो? मी 'पुन्हा म्हण' म्हणतो. मराठी शिकवताना पुन्हा म्हणावंच लागतं. पण ती काय समजली, तर तिचं मराठी वाईट आहे. तिच्या वयाच्या कोणाही पोरापेक्षा तिचं मराठी चांगलं आहे. ग्लासगोत तर नाहीच, पुण्यातही संजयची नातवंडं तिच्यापुढे उभी राहणार नाहीत. हे मी तिला कधी सांगितलं का, ते आठवत नाही. मला वाटायचं तिला माहीत असेल.

फार लागलं मनाला. जेवलो नाही.

हे सगळं सेव्हर्नटेलमुळे. चार हुशार माणसांनी एक बटण वेळेवर दाबलं असतं, तर माझी नात माझ्यापासून तुटली नसती. दुपारी त्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला लांबलचक ई-मेल लिहिली. शेवटचं वाक्य असं: आपल्या कंपनीची तपासणी इतकी सखोल आहे, की ती पूर्ण होईपर्यंत ग्राहक मरतात आणि तक्रारी आपोआप कमी होतात. श्यामलाला वाचून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, "थोडं थांबा. वरदा बोलेल तुमच्याशी."


२४ ऑक्टोबर, गुरुवार

सर्वोच्च अधिकाऱ्याच्या कार्यालयातून उत्तर आलं. माझं नाव चुकवलं आहे. 'प्रिय श्रीमती रघुवीर.' अपडेट लवकरच.


१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

आलं. पूजा आटोपून आरतीचं तबक खाली ठेवलं आणि फोन थरथरला. 'नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.' जगातल्या यच्चयावत देशांना देऊन झालं, संजयला देऊन झालं, मग उरलेलं खरकटं यांनी आम्हाला वाढलं. पण वाढलं.

डाउनलोड केलं. रात्री आपोआप बसवू का, असं फोनने विचारलं. बसव म्हटलं आणि चार्जिंगला लावून ठेवला. श्यामलाला म्हटलं, आता बघ. ती करंज्यांचा डबा भरत होती. तिने वर बघून विचारलं, "रविवारी बोलायचं ना मग वरदाशी?" मी म्हटलं, तिची इच्छा असेल तर. ती म्हणाली, आहे.


२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी फोन नेहमीसारखा सुरू होता. अक्षरं जरा ठळक झाल्यासारखी वाटतात. रंगही बरे दिसतात. एकूण फोनला तरतरी आली आहे.


३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

आजचा दिवस सोन्याने लिहावा.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. वरदा समोर बसली होती, दिवा तिच्या तोंडावर, केस मागे बांधलेले. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आजोबा, मी आता भाषण बोलते. तुम्ही फक्त ऐका." आणि तिने सगळं भाषण म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला एकूण एक शब्द कळला. सायकल बाबांनी वाढदिवसाला आणली. सायकल निळी आहे. ती पडली तेव्हा गुडघ्याला लागलं पण सायकलला काही झालं नाही, याचा तिला आनंद झाला. निळीतला ळ असा होता की मिरजेच्या माणसानेही मान डोलवावी. मी एकदाही पुन्हा म्हण म्हटलं नाही. गरजच पडली नाही.

मी तिला सांगितलं की तुझं मराठी फार सुंदर आहे, मला कायम सुंदरच वाटत आलं आहे, सगळी चूक फोनची होती. ती श्यामलाकडे बघून हसली. नऊ तारखेला ती भाषणच करणार, नाच नाही. आम्ही दोघं ग्लासगोला जाणार. तिकिटं उद्या काढतो.

अपडेटमध्ये एकच खोट आहे, ती न्यायाने नोंदवायला हवी. आवाज थोडा जाड होतो. वरदाचा आवाज एरवी बारीक, पण आज एखाद्या वृत्तनिवेदिकेसारखा संथ आणि भारदस्त येत होता. की तिला सर्दी असेल. श्यामला माझ्या शेजारी बसून डोळे पुसत होती. चकल्यांचा धूर अजून घरात होता.

ओवेनला झणझणीत आभारपत्र लिहिणार आहे. एका वाक्यात आभार आणि उरलेल्या पानात उद्धार.


४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आभारपत्र लिहायला बसलो. सेव्हर्नटेलच्या तक्रारीच्या पानावर सॉफ्टवेअरचा क्रमांक भरावा लागतो. म्हणून फोनमध्ये तो शोधला. क्रमांक जुनाच होता. जूनमधला.

खाली बारीक अक्षरात होतं: 'अपडेट बसवता आलं नाही. फोनमध्ये जागा अपुरी आहे.' तारीख शुक्रवार रात्रीची. जागा कशाने भरली होती तेही फोनने सांगितलं. संजयने रोज सकाळी पाठवलेले सूर्योदय, कमळं आणि सुविचारांचे व्हिडिओ.

पहिल्यांदा त्याला शिव्या घातल्या. मग त्या थांबल्या.

काल वरदाचा शब्दन् शब्द मला कळला होता, आणि तो जुन्याच सॉफ्टवेअरवर. त्याच फोनवर, ज्यावर दोन महिने मला काही कळत नव्हतं. औषध दिलंच गेलं नाही आणि पेशंट बरा झाला, तर आजार आपण समजत होतो तो नव्हता. हे मी नव्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं शिकवलं. मग मी पुढचा विचार करत गेलो. कोणाचं कळतं? संजयचं, ओवेनचं. कोणाचं कळत नाही? त्या मदतकेंद्रातल्या मुलीचं, व्यवस्थापक बाईंचं, वरदाचं. रॉबिनची चोच. चैत्राली म्हणाली तसा माझा तो काटा, खालच्या सुराचा. बरोबर होती पोरगी. वरचे सूर गेले असतील तर तो काटा मला मरेपर्यंत नापास करणार नव्हता. आणि यंत्राची टिकटिक कानावर पडून मला चार वर्षं झाली.

वही बाजूला ठेवली आणि श्यामलाला शोधत गेलो. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला फोन दाखवला. तिने चष्मा लावून ते वाचलं, परत दिला, आणि माझ्याकडे तोंड करून त्या जाड, संथ आवाजात बोलली. तिचा घसा बसलेला नव्हता.

ती म्हणाली, "मला तुम्ही कान तपासायला पाठवलंत ना, तेव्हाच तिथल्या मुलीला मी तुमचं विचारून घेतलं. ती म्हणाली, आधी बायका-मुलांचे आवाज जातात. समोर बसून, हळू आणि खालच्या आवाजात बोला. मग मी रोज तुमच्यावर थोडं थोडं करून बघितलं. जे कळतंय असं दिसलं, ते वरदाला शिकवलं. तीन आठवडे करतेय बिचारी, बाबासारखा आवाज काढून."

मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"सांगितलं होतं. दुकानात, बागेत, जिन्यावर. तुम्ही सेव्हर्नटेलला ऐकवत होतात."

मला राग यायला हवा होता. एवढ्या वेळात मी कोणाकोणाला मूर्ख ठरवलं ते या वहीतच आहे, वाचायला मागे जायची हिंमत नाही. ती दहा वर्षांची मुलगी. तिला वाटत होतं तिचं मराठी वाईट आहे, तरी आजोबांना कळावं म्हणून आवाज जाड करत बसली, आणि मी वर तिला सांगितलं की चूक फोनची होती. आणि ती हसली.

मी श्यामलाला विचारलं, "तो अलार्म अजून वाजतो?"

ती म्हणाली, "सप्टेंबरपासून."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. अलार्म आमच्या डोक्यावरच आहे. मान वर करून मी कान दिला, जसा थिएटरात द्यायचो. श्यामलाने माझा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी. बराच वेळ काही नाही. मग तिने बोटं दाबली. माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा थांबलो. पुन्हा तिने दाबली. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिची बोटं मधून मधून दाबत राहिली आणि मी मोजत राहिलो. ती कुठे चुकली असती तरी मला कळणार नव्हतं.

मग मी शेडमधून शिडी आणली.